चेहऱ्याची जागा

फोन आला तेव्हा मी ओर्तो-साईच्या बाजारात चक्का चाखत उभी होते. चक्केवाली चमच्याच्या टोकावर एवढासा चक्का देते आणि आपण तो गिळेपर्यंत आपल्या तोंडाकडे बघत राहते. मग घेतल्याशिवाय सुटका नसते. नंबर ओळखीचा नव्हता. "बेर्मेत एजे बोलताय का?" एका तरुण मुलीचा आवाज होता, मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा. "माझं नाव सेझिम. आम्ही काही जण मिळून शहरातल्या भिंतींवरच्या जुन्या मोझेइक चित्रांची यादी करतोय." सेझिम म्हणजे भावना. हल्लीचे आईबाप मुलींची नावं अशी ठेवतात, आणि त्या मुली मग जन्मभर त्या नावाला जागत राहतात. तिने एका दमात सगळं सांगितलं. आमच्या भागातल्या प्रसूतिगृहाला थंडी अडवायला बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते बसवणार आहेत, परांची बांधून झाली आहे, गुरुवारपासून काम सुरू. मागच्या भिंतीवरची काचेच्या तुकड्यांची आई कायमची झाकली जाईल. थांबवता येणार नाही, पण निदान पुस्तिकेत नीट नोंद तरी व्हावी. "यादीत कलाकार म्हणून कुबात बाइकेंचं नाव आहे," ती म्हणाली, "पण मला ग्रंथालयात त्र्याऐंशी सालच्या वर्तमानपत्रात एक फोटो मिळाला. परांचीवर एक मुलगी उभी आहे आणि खाली तुमचं नाव छापलंय. ती तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तुमचं नाव गेलं कसं? काम का सोडलंत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ पस्तीस वर्षं तयार होतं. इतकं तयार, की ते द्यायला मला विचार करावा लागत नाही, नुसतं तोंड उघडावं लागतं. "मला मुलगी झाली," मी म्हणाले. "तान्ह्या पोरीला घरी टाकून परांचीवर कोण चढणार?" पलीकडे तिचा आवाज ओलसर झाला. "एजे, किती सुंदर आहे हे. म्हणजे भिंतीवरची आई अर्धी ठेवून तुम्ही खरीखुरी आई झालात. हे मी अस्संच पुस्तिकेत घालते." आणि मी काही म्हणायच्या आत तिने आभार मानून फोन ठेवलासुद्धा. मी चमचा हातात धरून उभी राहिले. चक्केवाली म्हणाली, "किती देऊ?" मी म्हणाले, "आंबट आहे." ती म्हणाली, "चक्का आंबटच असतो."

तो एवढासाच धक्का, पण घरी जाताना तो ओसरेना. पाटाच्या कडेने चालत होते. चिनारांची पानं पाण्यात पडून कुजत होती, आणि त्या पोरीचं वाक्य तोंडात चक्क्यासारखं चिकटून बसलं होतं. माझं वाक्य मी नेहमी कडू म्हणून वापरत आले. नवऱ्याला, सासूला, नातेवाइकांच्या मेजवान्यांत, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत, ज्याला ज्याला वाटलं की मी चित्रकलेच्या तासाला पोरांकडून सफरचंदं काढून घेण्यासाठीच जन्मले, त्या प्रत्येकाच्या तोंडावर मी ते फेकलं. मला मुलगी झाली. लोक मान खाली घालायचे. त्यात मला बरं वाटायचं. आणि आता ही कोण कालची पोर, तिने ते वाक्य उचललं, चाटून पाहिलं आणि गोड आहे म्हणून सांगितलं. आठ मार्चला, महिला दिनी, शाळेत येऊन गळ्यात पडून पिवळी फुलं देणाऱ्या अध्यक्षबाईंपेक्षा हे वाईट होतं. त्या बाई निदान वाचून बोलतात.

मातृत्व हाच विषय होता तेव्हाही. या शहराला तेव्हा फ्रुन्झे म्हणत, आणि आमच्या भित्तिचित्रांच्या कार्यशाळेत सव्वीस पुरुष आणि चार बायका होत्या. प्रसूतिगृहाच्या भिंतीसाठी सगळ्यांकडून रेखाटनं मागवली. पुरुषांनी बायका काढल्या त्या सगळ्या एकसारख्या. मोठी छाती, खाली झुकलेली मान, मांडीवर गुबगुबीत पोर, मागे सूर्य. त्यांच्यापैकी कोणी स्वतःचं पोर दहा मिनिटं मांडीवर घेतलं असेल तर मी माझे कुंचले खायला तयार होते. मी तेवीस वर्षांची होते, लग्नाला दोन महिने झाले होते, आणि मी सगळ्यांपेक्षा हुशार आहे याबद्दल मला काडीची शंका नव्हती. मी काढलेली बाई पोराकडे बघतच नव्हती. पोर तिच्या हातात होतं, हात भक्कम होते, पण तोंड बाजूला, रस्त्याकडे. ती कंटाळली होती. मी तिला कंटाळलेलीच काढली होती. निवड समितीतला एक जाडा माणूस बराच वेळ त्या चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ही कुठे बघतेय?" मी काही बोलायच्या आत कुबात म्हणाला, "भविष्याकडे." समितीने एकमताने माझं चित्र निवडलं. बाहेर येऊन आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

कुबात माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. काच कापायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. स्वतःचं डोकं नाही, पण हात सोन्याचा, असं मी त्याच्याबद्दल तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, त्याच्यासमोरसुद्धा, आणि तो हसायचा. मी बाई आखली, रंग ठरवले, आणि आम्ही दोघांनी खालून सुरुवात केली. घागऱ्याचा निळा, मग हात, मग पोर. परांचीच्या बाजूला खिडक्या होत्या. आत बाळंतिणी असायच्या. खाली अंगणात त्यांचे नवरे उभे राहून ओरडायचे, कारण आत कोणाला सोडत नसत. "काय झालं? मुलगा की मुलगी?" "मुलगी." "बरं, मग काय पाठवू?" "सूप पाठव, आणि तुझ्या आईला सांग, लोकरीचे मोजे नकोत." मी आणि कुबात त्यांच्यामध्ये लटकलेलो, सगळं ऐकत, चिमट्याने काचा बसवत. तिसऱ्या महिन्यापासून मला सकाळी सिमेंटच्या वासाने ओकारी यायची. सातव्या महिन्यात मुकादमाने मला परांचीवरून खाली उतरवलं. तोपर्यंत बाई गळ्यापर्यंत झाली होती. चेहऱ्याची जागा राखाडी सिमेंटची, मोकळी होती. "थांबतो मी," कुबात म्हणाला. "चेहरा तू कर." पोरगी मला त्याच इमारतीत झाली. पाच दिवस त्या भिंतीच्या आत झोपून होते. आतून ती नुसती भिंत होती, हिरव्या तैलरंगाने रंगवलेली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे मी जे सांगितलं ते ठाऊक आहे. सासू नारीनहून ट्रंक घेऊन आली आणि माझ्या मानगुटीवर बसली. नवरा, एमिल, कारखान्यातून आल्यावर जेवून झोपायचा. पोर रात्रंदिवस रडायचं. कुबातने माझी वाट न बघता चेहरा पुरा केला, आणि केला तोही कसा, तर तोंड पोराकडे वळवून. बाकी सगळ्या पुरुषांच्या बायकांसारखीच तीही गरीब गाय करून टाकली. कोपऱ्यात स्वतःची सही घातली. त्या एका भिंतीवर त्याला पुढे तीन भिंती मिळाल्या. मला शाळा मिळाली. पुढे संघराज्य मोडून आमचा देश वेगळा झाला तेव्हा मी परदेशी पाहुण्यांसाठी लोकरी सपातांवर शिंगांची नक्षी शिवली, आणि शिवताना दर टाक्याला मनात म्हणत राहिले, की मी भिंती करणारी बाई आहे. ट्रॉलीबस प्रसूतिगृहावरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचे. ते तोंड मी लांबून तीन-चारदाच पाहिलं असेल. तेवढं तिरस्काराला पुरलं.

आमच्या चौघींमध्ये एक रोझा होती. तिने लग्नच केलं नाही. "मला पोरं नकोत, मला काम करायचंय," असं ती उघड म्हणायची, आणि त्या काळात हे म्हणायला छाती लागायची. तिला खोली होती, चित्रकाराला हवी तशी उत्तरेकडे खिडकी होती, चाळीस वर्षं होती. त्या चाळीस वर्षांत तिने इस्सिक-कुल सरोवराची अकरा चित्रं काढली. सगळ्यांत पाणी निळं. तिच्या अंत्यविधीला मी ती भिंतीला टेकवून ठेवलेली पाहिली आणि माझ्या मनात आलं, हिच्याकडे तर सबबसुद्धा नव्हती. तेव्हा मी हे रोझाची कीव म्हणून मनात म्हटलं होतं. बाजारातून घरी येताना मात्र हा शब्द पुन्हा आठवला, सबब, आणि मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी प्रसूतिगृहाकडे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. त्या पोरीने माझ्या तोंडात घातलेलं वाक्य मला परत काढायचं होतं, आणि त्यासाठी आधी त्या गरीब गाईच्या तोंडावर एकदा नीट थुंकावं, असं काहीसं डोक्यात होतं. सेझिम तिथे होतीच. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात कॅमेरा, नाकात बारीक चमकी. मला बघून तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "एजे, तुम्ही आलात." जणू मी कबरीतून आले. भिंतीचा खालचा भाग पांढऱ्या तक्त्यांनी झाकायला त्यांनी गुरुवारची वाट न बघता आदल्या दिवशीच सुरुवात केली होती. घागरा गेला होता. आमच्या त्या निळ्याचा बोटभरही दिसत नव्हता. मी परांचीला हात घातला तेव्हा मुकादम धावत आला.

"आजी, खाली थांबा. वर काय ठेवलंय बघायला?"

"माझं काम आहे वर."

"काम आमचं आहे वर. तुमचा पाय घसरला तर माझी नोकरी जाईल."

"मी या भिंतीवर चढत होते तेव्हा तुझी आई शाळेत जात होती," मी म्हणाले. "हेल्मेट दे आणि बाजूला हो." त्याने सेझिमकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच काहीतरी विनवणी केली. त्याने स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. आतून ते घामाने ओलं होतं. शिडी चार मजल्यांची. दुसऱ्या मजल्यावर माझे गुडघे बोलायला लागले, तिसऱ्यावर मी त्यांना गप्प केलं. चौथ्या फळीवर पोचले, दम खाल्ला, आणि मान वर केली तर ती माझ्यासमोर होती, एक हात अंतरावर.

इतक्या जवळून चेहरा चेहरा राहत नाही. नुसते तुकडे दिसतात, मातकट, गुलाबी, हिरवट, त्यांच्यामधल्या काळ्या भेगा, भेगांत पस्तीस वर्षांची धूळ. मी हाताच्या बाहीने डाव्या डोळ्यावरची धूळ पुसली. मग उजव्या. मग थोडी मागे सरकले, कठड्याला पाठ लावली. आणि मला दिसलं, की तिचे दोन डोळे एकाच ठिकाणी बघत नाहीत. उजवा खाली, पोराकडे. डावा मात्र पोराच्या कपाळावरून जरासा पलीकडे जात होता, कुठे ते सांगता येणार नाही, रस्त्याकडे नाही, आकाशाकडेही नाही. फरक केसाएवढा. बुबुळाची काच तिरकी बसवली होती, मुद्दाम, कडेला पाचर देऊन, म्हणजे उजेड तिच्यावर वेगळा पडावा. चूक नव्हती ती. कुबातच्या हातून अशी चूक होत नसे. ओठ मिटलेले, खालचा ओठ दातांखाली जरासा ओढलेला. हनुवटीवर, डावीकडे, एक गडद तुकडा. तीळ. मला हनुवटीवर डावीकडे तीळ आहे.

तेव्हा मला तो दिवस आठवला. म्हणजे तो मी विसरले होते असं नाही. घरात एखादी खोली बंद करून तिच्या दाराला कपाट लावावं, तसा तो होता, आणि मी इतकी वर्षं कपाटातल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. पोर चाळीस दिवसांची झाली होती. सासूने न्हाऊमाखू घालून तिला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "जा पोरी. तुझी ती भिंत बघून ये. मी बाटल्या उकळून ठेवल्यात. संध्याकाळपर्यंत आली नाहीस तरी चालेल." अशी म्हणाली होती ती. मानगुटीवर बसलेली ती बाई असं म्हणाली होती. मी आले. कुबात वाट बघत होता. शेवटचे तीन आठवडे तर त्याने पोराच्या केसांचे तुकडे काढून पुन्हा बसवले होते, मुकादमाला काम चालू दिसावं म्हणून. त्याने सिमेंट कालवलं, काचा रंगवार लावून ठेवल्या, माझं रेखाटन खिळ्यांनी ठोकलं आणि बाजूला झाला. मी चिमटा उचलला. आणि मी माझ्या रेखाटनाकडे पाहिलं.

खोटं होतं ते. ती कंटाळलेली बाई म्हणजे, जिने कधी पोर हातात घेतलं नाही अशा एका आगाऊ मुलीची मखलाशी होती. समितीला आणि पुरुषांना खिजवायला काढलेली. त्यांची झुकलेली मान जेवढी खोटी, तेवढंच माझं वळवलेलं तोंड खोटं. पोर झाल्यावर बाई कशी बघते ते मला आता ठाऊक होतं, चाळीस दिवस मी तशी बघत होते. दूध पाजताना समोरच्या आरशात एकदा मला माझी नजर दिसली होती आणि मी दचकले होते. तीत माया होती, भूक होती, पळून जायची इच्छा होती, हे सगळं एकाच वेळी, आणि यातलं काहीही दुसऱ्याला पुसून टाकत नव्हतं. ते काढायला हवं होतं. ते कुणीच काढलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि मला ते जमेल असं एक क्षणही वाटलं नाही. पहिली काच मी सिमेंटवर धरली, काढली, पुन्हा धरली. सिमेंट सुकायला लागलं. माझ्या छातीतून दूध झिरपून झग्यावर दोन डाग पडले. आतापर्यंत जे जे केलं ते हुशारीने केलं होतं, आणि इथे हुशारी चालत नव्हती. मी चिमटा खाली ठेवला. "पोर रडत असेल," मी कुबातला म्हणाले. "मला जायला हवं. तू कर पुरं." तो माझ्याकडे बघत राहिला. नीट, बराच वेळ. मला वाटलं तो माझ्या झग्यावरचे डाग बघतोय, आणि मला त्याची किळस आली. मी घरी पोचले तेव्हा पोर झोपलेली होती. हात वर, मुठी सैल. सासूने बोट ओठावर ठेवलं आणि माझ्यासाठी चहा ओतला.

तर कुबात ते बघत होता. स्वतःचं डोकं नसलेला, सोन्याच्या हाताचा कुबात. मी उतरून गेल्यावर त्याने सुकलेलं सिमेंट खरवडून काढलं असेल, नवीन कालवलं असेल, आणि जे मला दिसलं होतं पण करवत नव्हतं, ते माझ्याच तोंडावरून उचलून भिंतीवर ठेवलं असेल. खालून दिसणार नाही एवढ्या बारीक फरकाने, म्हणजे समितीने हरकत घेऊ नये. त्याने हे कधी मला सांगितलं नाही. सांगणार तरी कधी? मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. भेटीगाठींत लोकांना सांगायचे, कुबात म्हणजे कारागीर, त्याच्या हातून एका चेहऱ्यालाही न्याय मिळत नाही. पुढे तो फार प्यायला लागला आणि मी म्हणाले, दुसऱ्याच्या कामावर सही घातल्यावर माणूस पिणारच. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. अंत्यविधीला मी गेले नव्हते.

"एजे," खालून सेझिम ओरडली, "काय दिसतंय वरून?"

"धूळ आहे," मी म्हणाले.

उतरताना फार वेळ लागला. सेझिमने पाण्याची बाटली पुढे केली, फोटो काढू का विचारलं. मी नको म्हणाले. "संध्याकाळी सहाला पुस्तिका छापायला जाते," ती म्हणाली. "तुमच्यावरचा मजकूर मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवते हं, काही बदलायचं असेल तर." मी मान हलवली. घरी जायला नको वाटलं. ट्रॉलीबसमध्ये बसले आणि झिबेककडे, माझ्या मुलीकडे, गेले.

झिबेक केक करते. तीन पोरं आहेत तिला, धाकटी अजून अंगावर पिते, आणि या सगळ्यातून ही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोकांचे वाढदिवस आणि लग्नं यांचे केक रचत असते. साखरेचे गुलाब, साखरेचे घोडे, साखरेची तंबू-घरं. लोक तिला म्हणतात, आईची कला उतरली आहे. हे वाक्य कोणी माझ्यासमोर म्हटलं की मला ताटातलं मांस कडू लागतं. तिचा एक साखरेचा हंस मी एकदा पाहिला होता, त्याची मान दाराच्या कडीसारखी होती. मी तिला तसं सांगितलंही होतं.

"अपा, तिथेच थांब, फरशीवर साखर सांडलीय," ती म्हणाली. आईला आमच्याकडे अपा म्हणतात. धाकटी तिच्या पाठीला कापडाने बांधलेली होती आणि तिचे केस ओढत होती. टेबलावर तीन मजली केक, कुणाच्यातरी बाळाला पाळण्यात घालायच्या जेवणासाठी. वर साखरेचा पाळणा, खाली गुलाबांच्या रांगा. रांगा वाकड्या होत्या. मी खुर्चीवर बसले.

"ती भिंत झाकतायत," मी म्हणाले.

"कुठली? माझी?"

"तुझी कशी?"

"मी माझीच समजायचे." ती मान न वळवता पाकळ्या चिकटवत राहिली. "ट्रॉलीबसमध्ये तू पलीकडे तोंड करायचीस आणि मी खिडकीला नाक लावून बघायचे. दुसरीत का तिसरीत वर्गात सांगितलं होतं मी, ही माझ्यामुळे अर्धी राहिली. पोरींना वाटलं मी मिरवतेय."

"मग मिरवणंच ना ते."

"नाही अपा. मला वाटायचं, घरातली काहीतरी मोठी वस्तू मी फोडलीय, आणि सगळे चांगले म्हणून मला मारत नाहीत." तिने एक गुलाब उचलला, बघितला, परत ठेवला. "बाबांनी माझ्यासाठी सिगारेट सोडली होती. ते मात्र कोणी कुणाला सांगत नाही."

"तुझा बाप सिगारेटच ओढत होता. त्यात गेलं काय?"

"तेच म्हणतेय मी. त्यांनी हिशोब ठेवला नाही."

धाकटी रडायला लागली. झिबेकने खांदा जरासा हलवला, त्या तालावर पाकळ्या लावणं चालूच. तिचे हात मी पहिल्यांदाच नीट पाहिले असतील. चपळ होते. सुंदर नव्हते, चपळ होते. माझ्या मनात आलं, ही काही मोठं करत नाही म्हणून हिला जमतं. लगेच दुसरं मनात आलं, मोठं न करणं मलाही जमलं होतं, आणि मी तर पोरालाही पाठीवर घेतलं नव्हतं.

"मी त्या दिवशी गेले होते," मी म्हणाले. "तू चाळीस दिवसांची होतीस."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"आजीने सांगितलं होतं. मी कॉलेजात असताना, तिच्या शेवटच्या हिवाळ्यात. म्हणाली, मी बाटल्या उकळून ठेवल्या होत्या, संध्याकाळपर्यंत येऊ नकोस म्हटलं होतं, पण तुझी आई दोन तासांत परत आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली."

फ्रिजची मोटर सुरू झाली. मी टेबलावरची साखर बोटाने गोळा करायला लागले, मग थांबले. "सतरा-अठरा वर्षं झाली या गोष्टीला," मी म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार?" झिबेकने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या गालावर पीठ होतं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, रागाला मला उत्तर येतं. "तुझ्याजवळ तेवढंच होतं, अपा."

मी आयुष्यभर सगळ्यांकडे वरून पाहिलं. समितीकडे, कुबातकडे, रोझाच्या निळ्या पाण्याकडे, या पोरीच्या हंसाकडे. आणि ही पोर अठरा वर्षं माझ्याकडे वरून बघत होती, दया येऊन, आणि मी तिच्या घरी येऊन तिचे गुलाब वाकडे आहेत म्हणत होते, आणि ती ऐकून घेत होती. उठून निघून जावं असं वाटलं. तेही मला चांगलं येतं. मी बसून राहिले. नेमका तेव्हा फोन वाजला.

"एजे, वाचू का?" सेझिम म्हणाली, आणि होय-नाही ऐकायच्या आत वाचायला लागली. "'मूळ संकल्पना आणि रेखाटन बेर्मेत यांचं. कन्येच्या जन्मानंतर त्यांनी कलेपेक्षा मातृत्वाची निवड केली, आणि भिंतीवरची आई...'"

"ते काढ," मी म्हणाले.

"कुठलं, एजे?"

"कन्येपासून पुढचं सगळं. लिही: रेखाटन बेर्मेत. चेहरा कुबातचा. चेहऱ्याची कल्पनाही त्याचीच, रेखाटनात तसा नव्हता. जवळून बघितल्याशिवाय कळत नाही असंही लिही. आज वर जाऊन डोळ्यांचा फोटो काढ, उद्या झाकतील."

"पण मग तुम्ही काम सोडलं ते..." ती गोंधळली होती. "काहीतरी कारण लिहावं लागेल ना? लोक विचारतील."

झिबेकचे हात थांबले होते. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि पाठीवरची पोर मला टक लावून बघत होती. माझ्या तोंडात ते जुनं वाक्य अगदी पुढे येऊन बसलं होतं, त्याला बाहेर पडायला काही लागत नव्हतं.

"घाबरले," मी म्हणाले. "तसंच लिही. चेहरा करायची वेळ आली तेव्हा घाबरले. मुलीचा काही संबंध नाही. ती झोपली होती."

"एजे, हे फार प्रामाणिक आहे," सेझिम म्हणाली, पुन्हा त्याच ओलसर आवाजात. ही पोर दगडालाही गोंजारेल. मी फोन बंद केला.

झिबेकने पाठीचं कापड सोडलं, धाकटीला कोपऱ्यातल्या गादीवर ठेवलं, हात धुतले, पुसले, आणि केकच्या तळाखाली दोन्ही हात घालून तो हळूच उचलला. वरचा पाळणा थरथरला. केक चांगलाच जड असणार, तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"अपा, फ्रिजचं दार धर," ती म्हणाली. "आपोआप मिटतं ते. आणि गुलाबांबद्दल आत्ता काही बोलू नकोस."

मी उठले आणि दार धरून उभी राहिले. आतली थंडी अंगावर येत होती. तिने केक तिरका करून, श्वास रोखून, आत सरकवायला सुरुवात केली.